संधिवाताच्या सांध्यांना योगासने : कोणती, केव्हा आणि किती?

शेतीच्या पानावर योगासनांचा लेख कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण भांगलण, कापसाची वेचणी, कांद्याची लागण, गाई-म्हशींच्या धारा ही सगळी बोटांची कामे आहेत. बोटेच आखडली की घरचा निम्मा कारभार बसतो. ऊस पाहायला गेलो की घरातली एखादी मावशी हात पुढे करून विचारते, ‘साहेब, पिकाचं राहू द्या, यावर काही सांगा.’ मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगत नाही. मात्र २०१५ पासून २१ जूनला योग दिन सुरू झाला, गावोगाव शिबिरे होऊ लागली, आणि ‘आसने करा, गोळ्या सोडा’ असा सल्लाही कानावर येऊ लागला. तो सल्ला किती महागात पडतो हे पाहिले आहे, म्हणून लिहितो.

पहिल्यांदा आजार ओळखू या. उतारवयात गुडघे झिजतात ते वेगळे. इथे बोलतो आहोत ते रुमॅटॉइड आर्थ्रायटिसबद्दल. आपल्याकडे याला आमवात म्हणतात, कुणी नुसते संधिवात म्हणते. यात शरीराची राखण करणारी शक्तीच आपल्या सांध्यांवर उलटते. राखणीचे कुत्रे घरच्याच शेळीला चावावे, तसला प्रकार. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दोन ते तीन पट जास्त होतो, आणि पुष्कळदा ऐन कामाच्या वयात. सकाळी उठल्यावर तासभर किंवा त्याहून जास्त वेळ बोटे उघडत नाहीत, दोन्ही हातांची बोटे मुळाशी व मधल्या सांध्यात सुजतात, मनगटे धरतात. असे सहा आठवडे चालले तर ‘वात आहे, जाईल’ म्हणून अंगावर काढू नका. चिकुनगुन्यानंतरही सांधे महिनोन्‌महिने दुखतात, म्हणून रक्त तपासून खात्री करून घ्यावी. हाड एकदा कुरतडले गेले आणि बोट वाकडे झाले की कोणतेही आसन ते सरळ करत नाही.

आता गोळ्या. या आजारात मेथोट्रेक्सेट ही गोळी पुष्कळांना दिली जाते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंड येते, रक्तातल्या पेशी घटतात, जीवावरही बेतते. घरात कॅलेंडर असतेच. ठरलेल्या वारावर खूण करून ठेवा. मूल होण्याचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, गरोदरपणात ही गोळी चालत नाही. आणि बाजारात चिठ्ठी नसलेल्या पुड्या मिळतात, त्यांनी दोन दिवसांत आराम पडला तर खूश होण्याऐवजी संशय घ्या. त्यात स्टेरॉइड असू शकते.

मग योगाचा उपयोग नाही का? आहे, चांगला आहे. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये ७२ रुग्णांवर आठ आठवड्यांचा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. योग करणाऱ्यांच्या रक्तातली सूज दाखवणारी मापे उतरली, मनाची उदासीही कमी झाली. पण दोन्ही गटांच्या गोळ्या चालूच होत्या, हे शिबिरात कुणी सांगत नाही. खत घातले म्हणून पाणी बंद करतो का आपण?

वेळेचे म्हणाल तर पहाटे उपाशीपोटीच करायचे हा नियम या आजाराला लावू नका. पहाटे सांधे सर्वांत जास्त आखडलेले असतात. कोमट पाण्यात दहा मिनिटे हात बुडवून, मग सावकाश सुरुवात करा. नाहीतर दुपारी जेवण जिरल्यावर, काम जरा मोकळे असताना करा.

काय करायचे? मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी पवनमुक्तासनाची जी मालिका बसवली, तिचा पहिला भाग सांध्यांसाठीच आहे. खुर्चीवर किंवा बाजेच्या कडेला बसून होतो. पायाची बोटे पुढे-मागे, मग घोटा, गुडघा. नंतर हात समोर धरून मूठ उघडणे-मिटणे, मनगट वर-खाली, कोपर, खांदा. मूठ आवळायची नाही, नुसती मिटायची. प्रत्येक हालचाल सुरुवातीला पाच वेळा पुरे. श्वास रोखू नये. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, दोरी, पट्टा, उशी यांच्या आधाराने आसने करायला शिकवले. तेव्हा आधार घेण्यात कमीपणा मानू नका.

शीर्षासन, सर्वांगासन, हलासन मात्र नकोच. या आजारात मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल झालेला असू शकतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. सूर्यनमस्कारात आणि भुजंगासनात सगळा भार मनगटांवर येतो; मनगट सुजलेले असेल तर तेही टाळा, हवे तर भिंतीला टेकून उभ्याने करा. गुडघे सुजले असताना वज्रासन, पद्मासन नको.

सांधे लाल, गरम होऊन भडकलेले असतील त्या दिवशी जोर लावायचा नाही. दिवसातून एक-दोनदा प्रत्येक सांधा हलकेच हलवा, बाकी शवासन, भ्रामरी, दीर्घ श्वसन. रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका. बरे वाटते खरे, पण गुडघा वाकलेलाच राहू लागतो. किती करायचे याचे माप सोपे आहे. आसनानंतर वाढलेले दुखणे दोन तासांनीही तसेच राहिले, तर उद्या निम्मे करा.

आणि वीस मिनिटे आसने करून उरलेला दिवस त्याच बोटांना रगडले, तर काय उपयोग? पुष्कळ जण अंगठा मुडपून धार काढतात. त्याने अंगठ्याचा सांधा जातो आणि सडालाही इजा होते. पूर्ण मुठीने काढावी. ज्या दिवशी तेही जमत नाही, त्या दिवशी डेअरीची वेळ गाठायला घरातल्या गड्यांनी दावणीला बसावे. बाईमाणसाचेच काम म्हणून ते कुठे लिहून ठेवलेले नाही. कापणीला दातेरी वैभव विळा वापरा, जोर कमी लागतो. खुरप्याची मूठ बारीक असली की बोटे जास्त आवळावी लागतात, म्हणून तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जरा जाड करून घ्या. पंक्चरवाल्याकडे असले तुकडे पडलेलेच असतात.