बाराव्या डब्यात फक्त आठ जणी

मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडची कोरकू माणसं तीनला 'आफइ' म्हणतात, चारला 'उफुन'. आता हनोई गाठा. व्हिएतनामी माणूस तीनला 'बा' म्हणतो, चारला 'बोन'. शेजारच्या कंबोडियात 'बेइ' आणि 'बुअन'. फुन, बोन, बुअन! ही सारी ऑस्ट्रोआशियाई घराण्याची लेकरं, आणि त्या घराण्याचं पश्चिमेचं टोक म्हणजे आपली कोरकू!

धारणी आणि हनोई जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, 21 अंश उत्तर. नाकासमोर पूर्वेला निघायचं, सुमारे 3,000 किलोमीटर. मुंबई-पुणे रेल्वेनं 192. म्हणजे मुंबई-पुणे साडेपंधरा वेळा!

माणसं मोजा. 2011च्या जनगणनेत कोरकू बोलणारे 7,27,133. स्लीपरच्या डब्यात 72 बर्थ, म्हणजे डबे लागले 10,100. ते एकामागं एक लावले तर मुंबई ते पुणे रूळ भरून वर तीस किलोमीटर शेपूट उरतं! आणि व्हिएतनामी बोलणारे? साडेआठ कोटींच्या घरात. त्यांच्या डब्यांची रांग 26,000 किलोमीटर. मुंबई-पुणे मार्गावर 136 रूळ शेजारी शेजारी टाकले तरच मावेल!

आता काळ. हे घराणं फुटून चार हजारांच्या आसपास वर्षं झाली, असा एक अंदाज आहे. पिढी 25 वर्षांची धरा, झाल्या 160 पिढ्या. पुणे-मिरज मार्गावरच्या आपल्या रहिमतपूर स्टेशनात एक रिकामी गाडी उभी करू. पहिल्या बर्थवर कोरकू आजी, शेजारी तिची आई, शेजारी तिची आई... 160 जणी मागं गेलं की मूळ भाषा बोलणारी भेटते. तिथून 160 लेकी उतरत हनोईपर्यंत. एकूण 320. चार डबे भरले, पाचव्यात 32 जणी. चार हजार वर्षं, आणि पाचवा डबा निम्म्याहून रिकामा!

थांबू नका, आफ्रिकेत चला. नायजेरियातली हौसा चाडिक शाखेची, सोमालियातली सोमाली कुशिटिक शाखेची; दोन्ही शाखा एकाच घराण्यातल्या. एकट्या चाडिक शाखेत दीडशेहून जास्त भाषा! कानो ते मोगादिशू सुमारे 4,200 किलोमीटर, मुंबई-पुणे 22 वेळा. आणि या दोन शाखांची ताटातूट? अनेक अभ्यासक किमान दहा हजार वर्षं धरतात. तेव्हा पिरॅमिड नव्हते, हडप्पा नव्हतं, चाकसुद्धा नव्हता! 400 पिढ्या वर, 400 खाली. बसवा सगळ्यांना त्याच गाडीत. अकरा डबे गच्च, आणि बाराव्यात फक्त आठ जणी!