आखणी ते अखेर : भाग ९
धरण पूर्ण झाले, लाभ कुठे मोजायचा?

प्रिन्स-टू या प्रकल्प व्यवस्थापन पद्धतीच्या प्रॅक्टिशनर परीक्षेतल्या प्रसंगाधारित प्रश्नांकडे या आठवड्यात वळायचे ठरले होते. ते एक आठवडा पुढे ढकलतो, कारण अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलेल्या प्रश्नाला अख्खा भाग द्यावा लागणार आहे. हे वाचक इटियाडोह धरणाच्या लाभक्षेत्रात राहतात आणि प्रिन्स-टूच्या फाउंडेशन परीक्षेची तयारी करतात. त्यांची अडचण एकाच ठिकाणी आहे. आउटपुट, आउटकम आणि बेनिफिट, म्हणजे आपण या लेखमालेत निर्मिती, निष्पत्ती आणि लाभ म्हणत आलो ती त्रयी, त्यांना तोंडपाठ आहे. पण सराव परीक्षेत उदाहरण बदलले की उत्तर चुकते. जाता जाता त्यांनी आणखी एक शंका विचारली आहे: ही पद्धत आमच्याकडच्या धरणा-कालव्यांना लागू पडते का, की ती शहरातल्या संगणक कंपन्यांपुरतीच आहे? माझ्या मते दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्यांच्या घरापासून फार लांब नाही. ही त्रयी समजून घ्यायला इटियाडोहसारखे उदाहरण पुस्तकात सापडणार नाही.

गोठणगावजवळ गाढवी नदीवर सुमारे ३० मीटर उंचीचा मातीचा बांध १९७० साली पूर्ण झाला. बांध, सांडवा, विमोचक, मुख्य कालवा, वितरिका ही सगळी निर्मिती. ती बांधून हस्तांतरित करता येते, तिची मोजमाप पुस्तिका भरता येते, ठेकेदाराचे देयक तिच्यावर निघते. त्या निर्मितीचा वापर सुरू झाला की माणसांच्या व्यवहारात जो फरक पडतो, ती निष्पत्ती. पावसाने उघाड दिली तरी रोवणी थांबत नाही, पऱ्हे वाळत नाहीत, उन्हाळी धानाचा विचार करता येतो. या फरकातून जे मोजता येईल असे भले होते आणि ज्याला ते मिळते तो स्वतः त्याला भले म्हणतो, तो लाभ: एकरी किती पोती धान वाढले, किती एकर दुसऱ्या पिकाखाली आले, नापिकीची किती वर्षे टळली. या त्रयीला चौथे भावंडही आहे, ते म्हणजे तोटा. बुडीत क्षेत्रात ज्यांची शेती आणि जंगल गेले, त्यांच्या बाजूने तीच निष्पत्ती उणे पडते. पद्धत सांगते की तोटाही लाभाइतक्याच काटेकोरपणे लिहा आणि मोजा. परीक्षेत गोंधळ उडाला की एकच कसोटी लावावी. ठेकेदार ज्याच्यावर देयक काढू शकतो ती निर्मिती, शेतकऱ्याची वागणूक ज्याने बदलते ती निष्पत्ती, आणि शेतकऱ्याच्या कोठारात जे मोजता येते तो लाभ.

आता हे जरा जवळून पाहू. जुलैत रोवणी उरकली आणि पावसाने दडी मारली, अशी कल्पना करा. बांधीतले पाणी आटते, भेगा दिसू लागतात आणि कालव्याला पाणी सोडण्याची मागणी होते. पाणी सुटते. मुख्य कालव्याजवळच्या बांध्या आधी भरतात, मग वितरिका, मग लघु कालवा, मग शेतचारी. कोणत्याही कालव्यावर शेवटच्या टोकाचा शेतकरी, ज्याला सगळे टेलवाला म्हणतात, रांगेत शेवटी असतो. वाटेतली एक चारी गाळाने भरलेली असली, एखादे गेट नीट बसत नसले, वरच्या कोणी पाणी अडवले, की त्याच्याकडे पाणी पोचेपर्यंत रोप पिवळे पडलेले असते. कागदावर मात्र सगळे ठीक असते: धरणात साठा आहे, कालवा वाहतो आहे, ते शेत लाभक्षेत्रात नोंदलेले आहे. निर्मिती शंभर टक्के, लाभ शून्य. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि त्यांच्यातले अंतर पाहण्याची शिस्त लावणे हेच या पद्धतीचे सर्वांत मोठे देणे आहे, असे माझे ठाम मत आहे.

ही शिस्त कशी लावली जाते ते पाहा. प्रकल्प सुरू होतानाच त्याचे समर्थन लिहावे लागते, त्यात अपेक्षित लाभ मोजता येतील अशा भाषेत मांडावे लागतात. सोबत लाभ कधी, कोण आणि कशाने मोजणार याची स्वतंत्र आखणी करावी लागते. प्रत्येक टप्प्याच्या अखेरीला प्रकल्प मंडळ विचारते, हे समर्थन अजून टिकते का? मंडळात पैसा आणि अंतिम जबाबदारी असलेला अध्यक्ष असतो, काम पुरवणाऱ्यांचा प्रतिनिधी असतो, आणि वापरणाऱ्यांचाही असतो. लाभ नेमके कोणते ते सांगणे आणि ते हाती आले की नाही हे पुढे दाखवून देणे, ही जबाबदारी वापरणाऱ्यांच्या प्रतिनिधीवर टाकलेली आहे. इटियाडोहच्या बाबतीत तो कोण असायला हवा होता, याचा विचार केला की या भूमिकेचे वजन कळते. धरण तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, पण पाणी जाणार पुढे वडसा-आरमोरीकडे, म्हणजे तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात. आज तेच लाभक्षेत्र गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली अशा तीन जिल्ह्यांत विभागलेले आहे. वापरणाऱ्याचा आवाज मंडळात बसवायचा म्हणजे गोठणगावच्या नव्हे, आरमोरीच्या बाजूच्या टेलवाल्याला खुर्ची द्यायची.

हा भेद पुस्तकी नाही. महाराष्ट्राने त्याची किंमत मोजलेली आहे. राज्याच्या २०११-१२च्या आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून दहा वर्षांत सिंचनाखालचे क्षेत्र जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचा अर्थ निघाला, आणि त्या काळात प्रकल्पांवर झालेला हजारो कोटींचा खर्च चर्चेत आला. नोव्हेंबर २०१२मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली, पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. त्या वादात एक बाजू निर्माण झालेल्या सिंचन क्षमतेचे आकडे पुढे करत होती आणि दुसरी प्रत्यक्ष भिजलेल्या क्षेत्राचे. पहिला आकडा निर्मितीचा, दुसरा निष्पत्तीचा. दोघे वेगवेगळी गोष्ट मोजत होते, म्हणून वाद मिटणे अवघड होते. मोजणी कशाची करायची हे प्रत्येक प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी लिहून ठरले असते, तर या वादाला इतकी जागाच उरली नसती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की इटियाडोह बांधणाऱ्या अभियंत्यांकडे असले कोणतेही प्रमाणपत्र नव्हते, तरी धरण उभे राहिले. खरे आहे. ही पद्धत तेव्हा जन्मालाच आलेली नव्हती. तिचा मूळ पूर्वज प्रॉम्प्ट १९७५चा, ब्रिटिश सरकारने तिला प्रिन्स म्हणून स्वीकारले १९८९ साली, आणि संगणकाच्या कुंपणाबाहेर काढून कोणत्याही प्रकल्पाला चालेल असे रूप तिला मिळाले १९९६मध्ये. त्या अभियंत्यांचे स्थापत्यज्ञान वादातीत आहे आणि बांध ५० वर्षांहून अधिक काळ पाणी धरून आहे. पण बांध बांधणे ही निर्मितीची बाजू. त्या पिढीचे अभियांत्रिकी शिक्षण तिथवर उत्तम पोचवत होते. त्यापुढचा प्रश्न, म्हणजे शेवटच्या बांधीचा, स्थापत्याच्या नकाशात मावत नाही. २००५ साली राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला आणि पाणी वापर संस्थांना कायदेशीर स्थान दिले. वापरणाऱ्याला निर्णयात बसवण्याची गरज राज्यालाही पटली होती, हे त्यावरून दिसते; फक्त बहुतेक जुन्या प्रकल्पांच्या बाबतीत ते बांधकामानंतर कित्येक वर्षांनी घडले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आपले प्रकल्प रखडतात ते भूसंपादन, पुनर्वसन, वनजमिनीची परवानगी आणि निधी यांच्यामुळे; तिथे व्याख्या काय करणार? शेजारचा गोसीखुर्द घ्या. १९८३ साली ३७२ कोटींची मंजुरी, २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, २००९ साली राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा, आणि २०१६च्या सुधारित अंदाजात खर्च १८,००० कोटींच्या पुढे. धरणाची भिंत उभी राहिल्यावरही कालव्यांची आणि वितरिकांची कामे वर्षानुवर्षे चालू राहिली. हे फक्त आपल्याकडे घडते असेही नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१४ साली जगभरच्या २४५ मोठ्या धरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात खर्च मूळ अंदाजापेक्षा सरासरी ९६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. पद्धतीने जमीन मिळत नाही आणि निधीही येत नाही, हे मान्यच आहे. पण ती एक गोष्ट करायला भाग पाडते. खर्च दुप्पट झाला की काम आपोआप पुढे चालू ठेवता येत नाही. मंडळापुढे जाऊन नव्या खर्चात जुना लाभ अजून परवडतो का, हे लिहून सांगावे लागते. कधी उत्तर निघेल की आधी अर्ध्या लाभक्षेत्राच्या चाऱ्या पूर्ण करा, बाकीचे नंतर. असा निर्णय वेळेवर झाला तर निदान काही बांध्यांत पाणी लवकर पोचते. भूसंपादनाची अडचण खरी असते म्हणूनच टप्प्याटप्प्याने निर्णय घ्यायची गरज जास्त असते.

तिसरा आक्षेप परीक्षार्थींचाच असतो: लाभ तर प्रकल्प संपल्यावर दिसतो, मग प्रकल्प व्यवस्थापकाचा त्याच्याशी संबंध काय? इथे बरेच जण गुण गमावतात, म्हणून नीट लक्षात घ्या. लाभ मिळवून देणे हे प्रकल्प व्यवस्थापकाचे काम नाही. पण प्रकल्प बंद करताना पुढची लाभ-तपासणी कधी होणार आणि कोण करणार, हे लिहून सुपूर्द करणे त्याच्याच कामात मोडते. कालव्याचे काम संपले, कार्यालय उठले, आणि पाच वर्षांनी टेलवाल्याच्या बांधीत पाणी येते का हे पाहणारे कोणीच नेमलेले नाही, अशी स्थिती या पद्धतीत अपूर्ण समाप्ती ठरते.

मग प्रमाणपत्राचे मोल किती? फाउंडेशनची परीक्षा ६० प्रश्नांची, ६० मिनिटांची. सध्याच्या सातव्या आवृत्तीत उत्तीर्ण व्हायला ३६ उत्तरे बरोबर लागतात. ती व्याख्या कळल्या का, एवढेच तपासते. प्रमाणपत्र तीन वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण लागते. एवढ्यावरून कोणी प्रकल्प चालवायला तयार झाला असे मी म्हणणार नाही, आणि नोकरी देणाऱ्यानेही म्हणू नये. पण प्रकल्पाशी संबंधित सगळ्यांच्या तोंडी हे तीन शब्द एकाच अर्थाने असणे, ही छोटी गोष्ट नाही. कार्यकारी अभियंता, ठेकेदार आणि पाणी वापर संस्थेचा अध्यक्ष बैठकीत बसतील आणि 'काम झाले' म्हणताना तिघांच्या मनात एकच गोष्ट असेल, तर बैठकीतला निम्मा वाद संपेल. केंद्रातही हा विचार रुजू लागला आहे. नीती आयोग आणि भारतीय गुणवत्ता परिषद यांनी २०२० साली राष्ट्रीय प्रकल्प व्यवस्थापन धोरणाची चौकट मांडली, त्यात प्रशिक्षित आणि प्रमाणित व्यवस्थापकांवर भर आहे. राज्यात वाल्मीसारखी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापनाची, १९८० पासूनची प्रशिक्षण संस्था आहे. तिथल्या अभ्यासक्रमात लाभाची आखणी ठळकपणे यावी आणि पाणी वापर संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनाही ती शिकवली जावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

आमच्या अर्जुनी मोरगावच्या वाचकांना आणि फाउंडेशनला बसणाऱ्या सगळ्यांना माझे सांगणे एवढेच: या आठवड्यात सराव प्रश्न बाजूला ठेवा. आपल्या तालुक्यातले पूर्ण झालेले एक सार्वजनिक काम निवडा: कालवा, पाणीपुरवठा योजना, पूल, आरोग्य केंद्राची इमारत, काहीही. एका पानावर त्याची निर्मिती, निष्पत्ती, लाभ आणि तोटा लिहा. प्रत्येक लाभासमोर तीन गोष्टी भरा: कशात मोजायचा, कधी मोजायचा, कोणी मोजायचा. तिसरा रकाना भरताना हात अडेल, तिथेच थांबून विचार करा. हे पान पूर्ण झाले की त्रयीवरचा एकही प्रश्न चुकणार नाही. प्रॅक्टिशनरचे ७० प्रश्न, १५० मिनिटे आणि सोबत पुस्तक उघडायची मुभा, हा विषय पुढच्या आठवड्यात घेऊ, आणि तेव्हा हेच पान हाताशी लागेल.