‘हो’ म्हणजे काय?

सकाळचे साडेनऊ. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या एका छोट्या गावातलं कोर्ट. कामकाज सुरू व्हायला अर्धा तास आहे, पण व्हरांड्यात ते केव्हाच सुरू झालंय. ॲबोरिजिनल लीगल सर्व्हिसचा फील्ड ऑफिसर एकोणीस वर्षांच्या एका पोराशेजारी टेकतो. तो स्वतःही आदिवासी. पहिला प्रश्न गुन्ह्याचा नाहीच. आपल्याकडे गावात नवख्या पोराला विचारतात तोच: तू कुणाचा? आईकडची माणसं कुठली? दोन नावं ओळखीची निघतात आणि पोराचे खांदे सैल होतात. मग हळूहळू बाकीचं. सुटल्यावर राहणार कुठे? पुढच्या तारखेला आणणार कोण? तारीख चुकली तर वॉरंट निघतं, हे तो शेजारी बसलेल्या आईलाही सांगून ठेवतो.

ही सेवा सिडनीच्या रेडफर्न भागात १९७० साली उभी राहिली. पोलिसांच्या धरपकडीला कंटाळलेल्या आदिवासी तरुणांनी तिची सुरुवात केली, काही वकील मदतीला आले. पुढे कोठडीत झालेल्या आदिवासींच्या ९९ मृत्यूंची एका आयोगाने चौकशी केली. त्या आयोगाने १९९१ मध्ये ३३९ शिफारशी केल्या. त्यातल्याच एकीला धरून २००० पासून या राज्यात एक फोनसेवा चालते: आदिवासी माणूस कोठडीत आला की पोलिसांनी लीगल सर्व्हिसला कळवायचंच. रात्री तीन वाजताही फोन उचलणारा वकील कायद्याचा सल्ला देतो आणि विचारतोही: बरा आहेस ना? घरी कुणाला कळवू?

कोर्टात पोराचा जामीन होतो. मॅजिस्ट्रेट अटी वाचतात आणि विचारतात, समजलं? ‘हो.’

बाहेर आल्यावर त्याची तरुण वकीलबाई हा ‘हो’ बाजूला ठेवते. अधिकारी माणसासमोर पटो न पटो, कळो न कळो, ‘हो’ म्हणून मोकळं व्हायचं, ही अनेक आदिवासी अशिलांची सवय इथल्या वकिलांना चांगली ठाऊक आहे. भाषाशास्त्रज्ञ डायना ईड्स यांनी तिच्यावर बरंच लिहिलंय. नॉर्दर्न टेरिटरीच्या न्यायालयाने तर १९७६ मध्येच पोलिसांना बजावलं होतं: नुसत्या ‘हो’वर जाऊ नका, तुमचं सांगणं आदिवासी संशयिताकडून त्याच्याच शब्दांत वदवून घ्या.

म्हणून ती म्हणते, ‘काय काय करायचं नाही, ते तू मला सांग.’

पोरगा गप्प. ती घाई करत नाही, प्रश्न पुन्हा विचारत नाही. फील्ड ऑफिसरही जमिनीकडे बघत उभा. ही शांतता मलाच जड जाते.

‘त्या गल्लीत जायचं नाही,’ पोरगा शेवटी म्हणतो. पुन्हा थांबतो. ‘पण आजी तिथेच राहते. मी तिच्याकडेच झोपतो.’

वकीलबाई फाइल उचलते आणि अट बदलून मागायला पुन्हा आत जाते.