गळाचं पाणी

फ्लाय फिशिंगचा 14 नंबरचा गळ करंगळीच्या नखावर मावतो. (नंबर जितका मोठा, गळ तितका लहान, या उलट्या हिशोबाची सवय व्हायला वेळ लागतो.) त्यावर पिसं, रेशीम, सशाचे केस बांधून पाण्यावरच्या किड्याची नक्कल, म्हणजे ‘माशी’, करतात. बघणारे पिसांवर भाळतात. खरी करामत मात्र पिसांखाली झाकलेल्या, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक तारेत असते.

या तारेकडून दोन अशा गोष्टी हव्या असतात की एक साधली की दुसरी बिघडते. टोक बोथट होऊ नये म्हणून पोलाद कडक हवं, आणि ट्राउट माशाने हिसडा दिल्यावर वळण मोडू नये म्हणून ते चिवटही हवं. पोलाद सुमारे 800 अंशांपर्यंत तापवून एकदम थंड केलं की कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. मग त्याला पुन्हा हलका ताव द्यायचा. घासून लख्ख केलेल्या पोलादावर त्या वेळी रंग चढत जातात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. तापमापक नव्हते तेव्हा कारागीर हे रंग पाहूनच कुठे थांबायचं ते ठरवत.

इंग्लंडात 1496 साली छापलेल्या एका मासेमारीच्या प्रबंधात घरच्या घरी गळ करण्याची कृती आहे. सुई कोळशाच्या विस्तवात लाल करायची, निवू द्यायची, चाकूने उलटा काटा उचलायचा, टोकाला धार लावायची. पुन्हा तापवून मऊ करायची, नाहीतर वाकवताना मोडेल. वाकवून झाली की परत लाल करून पाण्यात बुडवायची. पोलाद आधी मऊ करून घडवायचं आणि शेवटी कडक करायचं, हा क्रम आजच्या कारखान्यातही तोच आहे.

सुईपासून गळ होत असल्यामुळे सुयांचं गाव तेच गळांचं गाव झालं. इंग्लंडातलं रेडिच दोन्हींसाठी नावाजलेलं. तिथले हाताने घडवलेले गळ दिसायला अतिशय देखणे असत, पण एकाच डबीतले दोन गळ सारखे निघतील याची खात्री नसे. एक तर काटा छिन्नीने कापायचा. कारागिराचा हात जरा जड पडला की काप खोल जाई, आणि टोक नेमकं तिथेच मोडे. दुसरी अडचण डोळ्यांना न दिसणारी. उघड्या आगीत पोलादाच्या पृष्ठभागातला कार्बन जळतो आणि वरची साल मऊ पडते. जाड कोयत्याला त्याचं फारसं काही वाटत नाही. बारीक तारेत ती सालच मोठा हिस्सा असते. आजच्या भट्टीतली हवा नियंत्रित असते, म्हणून कार्बन जागेवर राहतो.

1877 मध्ये नॉर्वेच्या मुस्टाड कंपनीसाठी माथियास टॉप यांनी गळ बनवणारं स्वयंचलित यंत्र तयार केलं आणि गळ सारखेपणाने निघू लागले. त्यानंतरची मोठी झेप जपानची. घासून काढलेल्या टोकावर सूक्ष्म खरबरीतपणा उरतो; गळ आम्लाच्या द्रावणात बुडवला की तो विरघळून जातो. असं टोक माशाच्या जबड्यात जवळजवळ दाबाशिवाय शिरतं. मात्र ते इतकं नाजूक असतं की मागे फेकताना दगडाला लागलं तर वळतं.

जुन्या गळाला बहुधा नेढंही नसे. रेशीमकिड्याच्या ग्रंथीपासून ओढलेला धागा दांड्याला बांधत. तो धागा कुजला की सुंदर बांधलेली माशीही फुकट जाई. 1879 च्या सुमारास नेढ्याचे बारीक, भरवशाचे गळ पुढे आणणाऱ्या दोघांपैकी एक होते एच. एस. हॉल. होय, ‘हॉल अँड नाइट’च्या बीजगणितातले हॉल! आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांना गणितं घालणारे हे मास्तर फावल्या वेळात गळाच्या नेढ्याचं कोडं सोडवत होते.

मग सरस कोणता? मासा धरायचा असेल तर आजचा, यात मला शंका नाही. जुन्या गळाची बाजू घेणारे अनेकदा त्याच्या वळणाच्या डौलाची बाजू घेत असतात. तो डौल खरा आहे. म्हणूनच व्हिक्टोरियन पद्धतीच्या सॅमन माश्या चौकटीत लावण्यासाठी बांधणारे आजही बिननेढ्याचे, हाताने घडवलेले गळ मुद्दाम मिळवतात. चौकटीतल्या माशीला ट्राउटच्या हिसड्याची भीती नसते.

नवी डबी आणलीत, तरी त्यातला एक गळ बांधणीच्या शिकंजात धरा आणि दांडा बोटाने वर ढकलून सोडा. टण्णकन जागेवर आला तर उत्तम. वाकून राहिला तर मऊ, मोडला तर फाजील कडक. मग टोक नखावर टेकवून हलकेच ओढा. रुतायला हवं, घसरता कामा नये. घसरलं तर दुकानदाराला डबी परत करा.