ओटा खचतो तो खालून

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथे दुकानापुढे वा घरापुढे पेव्हर ब्लॉकचा उंच ओटा करण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. आपले अनेक बांधव हे काम स्वतःच्या हाताने करतात. परंतु पहिला पावसाळा सरताच कुठे ब्लॉक खचतात, तर कुठे कडेची भिंत झुकते. दोष बहुधा ब्लॉकचा नसून खालच्या जमिनीचा असतो.

कुकडी, मीना व घोड नद्यांच्या खोऱ्यांत काळी माती पुष्कळ आहे. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणून ओट्याच्या जागेतील काळी माती निदान १ फूट खोदून काढावी व खड्ड्याचा तळ ठोकून घ्यावा. निघालेली माती पुन्हा भरावात घालू नये. ती शेताला द्यावी. मुरूम वर असेल तेथे गवत, मुळ्या व सैल थर काढला तरी पुरे.

प्रथम दोरी लावून आखणी करावी. एका बाजूवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजून तिरपे अंतर ५ फूट आले की कोपरा काटकोनात आहे असे समजावे. ओटा घराच्या उंबऱ्यापेक्षा ६ इंच खाली ठेवावा, नाहीतर घरात ओल येते. दर १० फुटांस २ इंच उतार घराकडून बाहेर द्यावा. पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर जाणार नाही आणि ओटा रस्त्याच्या हद्दीत येणार नाही, हे आधीच पाहावे.

कडेची डबराची भिंत कठीण मुरुमापासून उचलावी व तिच्यात पाणी निघण्यास भोके ठेवावीत. भिंत पक्की झाल्यावर आत मुरूम भरावा. एका वेळी ६ इंचांहून जास्त थर नको. मुरूम इतकाच ओला असावा की मुठीत लाडू वळेल, पण हाताला पाणी सुटणार नाही. प्रत्येक थर दुरमुसाने किंवा भाड्याच्या यंत्राने ठोकावा. टाचेचा ठसा उमटेनासा झाला म्हणजे पुढचा थर घालावा. त्यावर ४ इंच खडी-कचीचा थर दाबून, शेवटी सव्वा इंच कच सारखी पसरावी व ब्लॉक बसवावेत.

आता हिशेब. १० फूट बाय १० फूट ओटा, १ फूट खोदाई आणि दीड फूट उंची धरली, तर एकूण खोली अडीच फूट होते. खडी, कच व ब्लॉक यांचे सुमारे ८ इंच वजा जाता २२ इंच मुरूम लागतो, म्हणजे दाबलेला १८३ घनफूट. दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून सव्वापट धरून सुमारे २३० घनफूट, अर्थात सव्वादोन ब्रासच्या थोडे वर मागवावा.

जे कारागीर हे काम मजुरीने घेतात त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. ब्लॉक बसल्यावर खालचे काही दिसत नाही. दोन थर ठोकून चारचे पैसे घेतले तरी त्या दिवशी कोणाला कळत नाही. पण कुरआनात मापात खोट करणाऱ्यांची कठोर निंदा आहे आणि न दिसणाऱ्या थराचे मापही मापच आहे. पाऊस ते उघड करतोच. खालचे काम चोख ठेवणाऱ्याला पुढचे काम शोधावे लागत नाही. बरकत तेथूनच सुरू होते.