हॅश टेबलमध्ये मूल्य म्हणून यादी : जोतिबा यात्रेतील सासनकाठ्यांच्या नोंदीचे उदाहरण

संगणकातील नोंदी जलद शोधण्यासाठी हॅश टेबल ही रचना वापरली जाते. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये हॅशिंगची कल्पना मांडली. किल्लीवर हॅश फलनाची क्रिया करून स्थानक्रमांक काढला जातो व त्या स्थानी मूल्य ठेवले जाते. परंतु एका किल्लीस एकच मूल्य, हा या रचनेचा मूलभूत नियम आहे. व्यवहारातील माहिती अनेकदा या नियमात बसत नाही.

वाडी रत्नागिरी (ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर) येथील श्रीक्षेत्र जोतिबाच्या यात्रेत चैत्र पौर्णिमेस गावोगावच्या सासनकाठ्या डोंगरावर येतात. त्यांची जिल्हावार नोंद करावयाची झाल्यास जिल्हा ही किल्ली व गाव हे मूल्य ठरेल. ‘सातारा’ या किल्लीखाली प्रथम ‘पाडळी’ व नंतर ‘विहे’ लिहिल्यास दुसरे मूल्य पहिल्याची जागा घेते. संगणक कोणतीही सूचना देत नाही. मात्र पहिल्या मानाची काठीच नोंदीतून नाहीशी होते.

यावरील उपाय म्हणजे गावाऐवजी गावांची यादी हेच मूल्य मानणे. किल्ली अस्तित्वात नसल्यास प्रथम रिकामी यादी निर्माण करावी व मग तिच्या शेवटी गाव जोडावे. पायथॉनमध्ये ‘डिफॉल्टडिक्ट’ (२००६) व जावामध्ये ‘कम्प्युट-इफ-अ‍ॅब्सेंट’ (२०१४) यांमुळे ही तपासणी आपोआप होते. पर्लमध्ये हॅशचे मूल्य एकेरीच असल्याने यादीचा केवळ संदर्भ ठेवला जातो.

येथे दोन दक्षता आवश्यक आहेत. पहिली, एकच रिकामी यादी सर्व किल्ल्यांना देऊ नये. तसे केल्यास सर्व किल्ल्या एकाच यादीकडे निर्देश करतात व सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज साताऱ्याखालीही दिसू लागते. दुसरी, यादी आपल्यापुरता क्रम जपते. परंतु निरनिराळ्या जिल्ह्यांतील काठ्यांचा परस्परक्रम तिच्यातून कळत नाही. मिरवणुकीत तर मानाचा क्रमच महत्त्वाचा असतो. म्हणून प्रत्येक गावासोबत त्याचा मानक्रमांकही नोंदवावा.

सारांश, मूल्य म्हणून यादी ठेवणे ही केवळ लेखनाची सोय नसून माहितीचे मूळ स्वरूप जपण्याची पद्धती आहे. विद्यार्थ्यांना ही रचना शिकविताना आज्ञावलीच्या शुद्धतेबरोबरच कोणती नोंद निमूटपणे गळून पडू शकते, याकडेही लक्ष वेधणे अगत्याचे आहे.