पाण्याचे माप

गेली बावीस वर्षे मी जुनी मापे गोळा करतो आहे. पतसंस्थेतली कारकुनी सांभाळून, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, सोलापूर जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांतून आणि पडीक वाड्यांतून. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पुढे सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. ही सगळी धान्याची मापे. दुष्काळात आमच्याकडे पाण्याच्या घागरी मोजल्या जातात, पण घोट कुणी मोजत नाही. घोट मोजायला मला शिकवले ते माझ्या थोरल्या बहिणीने.

आक्का मंगळवेढ्याजवळच्या एका खेड्यात असते. सहा वर्षांपासून ती डायलिसिसवर आहे. रक्तदाब जुना होता, गोळी चालू होती, पण बरे वाटले की ती गोळी थांबवायची. शिवाय गुडघे दुखायचे म्हणून दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे खाल्लेल्या. यातले नेमके कशाने झाले हे आता सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. मूत्रपिंड हा सोशिक अवयव आहे. प्रत्येकात सुमारे दहा लाख गाळण्या, दोन्ही मिळून दिवसाला 180 लिटरच्या आसपास द्रव गाळतात आणि त्यातले दीड-दोन लिटर वगळता सारे परत रक्तात घेतात. निम्म्या गाळण्या बंद पडल्या तरी उरलेल्या जास्तीचे काम ओढतात, आणि रक्तातले क्रिएटिनीन जेमतेम हलते. म्हणून रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्याने क्रिएटिनीनबरोबर लघवीतली प्रथिनेही वर्षातून एकदा तपासून घ्यावीत. आमच्या घरात हे कुणाला माहीत नव्हते. आक्काच्या पायांवर सूज आली, तेव्हा ‘चालणं फार होतं’ असे आम्ही म्हणालो.

डायलिसिस सुरू झाले त्याच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. तिचे वार मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. रविवारी मी भेटायला गेलो. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून दोन मोठी शहाळी नेली. पाणी जास्त प्यायचे नाही एवढे मला ऐकून माहीत होते. पण शहाळे म्हणजे पाणी नव्हे, ते औषध, अशी माझी समजूत. मी स्वतः फोडून दिले. आक्का संकोचाने म्हणाली, “बाळू, चालंल का रं?” मी म्हणालो, “शहाळ्यानं कुणाचं वाईट झालंय?” तिने दीड शहाळे घेतले. सोमवारी संध्याकाळी तिला उठता येईना, पायांतली शक्तीच गेली. रात्री सोलापूरला आणले तेव्हा रक्तातले पोटॅशियम 7 च्या वर होते. ते साधारण 3.5 ते 5 असावे लागते. तातडीने डायलिसिस झाले आणि ती वाचली. मला कुणी बोलले नाही, आक्काही नाही.

त्यानंतर मी वाचायला लागलो. माझे सगळे शिक्षण असेच झाले आहे, आधी ठेच आणि मग पुस्तक.

पोटॅशियम हे एक क्षार-द्रव्य. स्नायू आणि हृदय त्याच्या जोरावर आकसतात, सैल होतात. जास्तीचे पोटॅशियम बाहेर टाकणे हे मुख्यतः मूत्रपिंडाचे काम. ते थांबले की ते रक्तात साठते आणि हृदयाचा ठेका चुकवते, कधी कायमचा थांबवते. यात दुखत नाही, ताप येत नाही, म्हणून घरच्यांना कळत नाही. शहाळ्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात साधारण 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. दीड शहाळे म्हणजे तिच्या दिवसभराच्या वाट्याचा मोठा हिस्सा मी तिला पाच मिनिटांत पाजला होता. आणि वारही कोणता निवडला! आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल तर दोन खंड एकेका दिवसाचे आणि एक दोन दिवसांचा असतो. या लांब खंडाच्या शेवटी रुग्ण दगावण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, हे मोठ्या पाहण्यांतून दिसलेले आहे. सोमवार-बुधवार-शुक्रवारवाल्यांचा हा खंड शनिवार-रविवारी येतो, म्हणजे नेमका पाहुण्यांचा आणि मटणाच्या रश्श्याचा.

आपल्याकडे माया दाखवण्याच्या बहुतेक रीती या आजारात उलट्या होतात. दारात आलेल्याला तांब्याभर पाणी, आजाऱ्याला शहाळे, अशक्ताला डाळीचे कढण, उपवासाला केळी आणि रताळे, उन्हातून आलेल्याला लिंबू-सरबत. भाजीचे पाणी फेकू नये, त्यात सत्त्व असते, हे आईचे शिकवणे. आक्काच्या स्वयंपाकघरात ते सत्त्वच फेकायचे असते. बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचे, पालेभाजीचेही तसेच. बरेचसे पोटॅशियम त्या पाण्याबरोबर जाते. चव जाते हे खरे. ती लसूण, जिरे, थोडी आमसुले घालून परत आणावी लागते. कमरख हे फळ मात्र कुठल्याही युक्तीने चालत नाही. त्यातले विष निकामी मूत्रपिंडाला बाहेर काढता येत नाही आणि ते मेंदूवर जाते. तसेच बाजारात ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणारे मीठ. रक्तदाबवाल्याच्या घरी ते आरोग्याचे म्हणून आणतात, पण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते.

आता पाणी. आक्काला पहिल्या दिवशी सांगितले गेले: आदल्या दिवशी जितकी लघवी झाली तितके, अधिक अर्धा लिटर. चहा, ताक, वरण, आमटी, सगळे त्यात धरून. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि तो ज्याचा त्याने डॉक्टरांकडूनच घ्यायचा. आक्काचा तेव्हा साधारण लिटरभर ठरला. मी माझ्या संग्रहातले एक पितळी चिपटे उकळून, घासून तिला दिले. ते पाण्याने भरून मोजले तर 240 मिलिलिटर भरले. दिवसाला चार चिपटी, असा आमचा हिशोब ठरला. डायलिसिसला जाताना वजन करतात. अंगात साठलेला प्रत्येक लिटर काट्यावर एक किलो दाखवतो. आक्काचे ‘कोरडे वजन’ 48 किलो. दोन डायलिसिसच्या मध्ये दोन किलोच्या आत वाढ राहिली तर ठीक. पहिल्या काही महिन्यांत ती साडेतीन-चार किलो वाढवून यायची. एवढे पाणी चार तासांत ओढून काढले की रक्तदाब धाडकन खाली, पायांत गोळे, उलट्या. घरी येऊन ती दुसऱ्या दिवसापर्यंत पडून असायची आणि आम्ही म्हणायचो, डायलिसिसने माणूस खचतो.

चिपटे मोजूनही वजन का वाढते? पाणी चोरून पितेस का, असे मी एकदा विचारलेही. आजही त्याची लाज वाटते. उत्तर सलाइनच्या बाटलीवर छापलेले आहे. सलाइन म्हणजे 0.9 टक्के मीठ, एका लिटरला नऊ ग्रॅम. शरीरातले पाणीही जवळपास याच खारटपणावर राहू पाहते. म्हणजे ज्याची लघवी बंद होत आली आहे अशा माणसाने नऊ ग्रॅम मीठ खाल्ले, तर त्या मिठाला एक लिटर पाणी हवेच. ते मिळेपर्यंत तहान थांबत नाही. तहानेशी निश्चयाने भांडून कुणी जिंकलेले नाही. माप पाण्याचे दिसते, पण आवरायचे असते ते मीठ. आक्काकडे जेवणात दर वेळी शेंगदाण्याची चटणी, खारातली मिरची, पापड. पापडातला पापडखारही सोडियमच. हे ताटातून गेले आणि दोनेक आठवड्यांत वाढ दोन किलोवर आली. आता ती म्हणते, “तहान लागली की मी पानी पीत न्हाई, चूळ भरती. लईच झालं तर लवंग धरती दाढंखाली.”

ज्या बाईला दिवसाला चार चिपटी पाणी, तिच्या रक्ताशेजारून दर खेपेला किती पाणी वाहते याचा मी एकदा हिशोब केला. यंत्रात मिनिटाला 500 मिलिलिटर द्रव फिरतो, चार तासांत 120 लिटर. तेही अतिशुद्ध केलेले, आणि शुद्ध करताना वाया जाते ते वेगळे. रक्त आणि हे पाणी यांच्यामध्ये एक पातळ पडदा. रक्तातली घाण त्यातून पलीकडे झिरपते. विलेम कोल्फ या डच डॉक्टरने 1943 मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, कांपेन नावाच्या लहान गावी हे यंत्र माणसाला जोडले तेव्हा तो पडदा होता सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळीचा. ती नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाला गुंडाळून पाण्यात फिरवायची. पहिले पंधराहून अधिक रुग्ण जवळजवळ सगळे गेले. 1945 मध्ये एक 67 वर्षांची बाई शुद्धीवर आली. तरीही हा उपाय काही दिवसांचाच होता, कारण दर वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागे. 1960 मध्ये सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायमची टेफ्लॉनची नळी बसवली. त्यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षे जगला. आजार बरा न होता माणूस त्याच्यासह वर्षानुवर्षे जगू शकतो, ही कल्पना तिथून सुरू होते.

आज नळीऐवजी हाताची धमनी आणि शीर कातडीखाली जोडून देतात. 1966 पासूनची ही रीत. त्या जोडाला फिस्टुला म्हणतात. बोट ठेवले की मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. ती रोज सकाळी तपासायची. थांबली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. त्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, त्यातून रक्त काढू द्यायचे नाही, त्या हाताने घागर उचलायची नाही, घट्ट बांगड्या घालायच्या नाहीत. कागदावर हा शेवटचा नियम सर्वांत सोपा होता. पण नवरा असलेल्या बाईचा डावा हात मोकळा, म्हणजे गावात काय बोलले जाते ते मराठी वाचकाला सांगायला नको. आक्का दोन संक्रांती हळदीकुंकवाला गेली नाही. मग तिने स्वतःच तोड काढली. उजव्या हातात दुप्पट चुडा भरला आणि जी विचारील तिचे बोट धरून डाव्या हाताच्या थरथरीवर ठेवायला लागली. “ह्यो बघ माझा चुडा. वाजतोय का न्हाई?”

एक चूक बऱ्याच घरांत होते, आमच्याही झाली. डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिने कमी खा म्हणून सांगतात, आणि घरचे तेच पुढे चालू ठेवतात. डायलिसिस सुरू झाले की उलट प्रथिने वाढवावी लागतात, कारण प्रत्येक खेपेला ती थोडी वाहून जातात. आक्का वर्षभर अर्धपोटी राहिली. आता अंड्याचे पांढरे रोज असते. फॉस्फरसची गोळीही ती जेवणानंतर घ्यायची. ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची असते, कारण तिचे काम अन्नातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवण्याचे. गोळीची वेळ बदलली तशी अंगाची खाज कमी झाली.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसते, 2016 पासून केंद्राचाही कार्यक्रम आहे आणि एसटीच्या साध्या गाडीत डायलिसिसच्या रुग्णाला तिकीट लागत नाही. पण सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतोच.

आणि मूत्रपिंड-रोपण. ते शक्य असेल तर डायलिसिसपेक्षा चांगले, यात वाद नाही. 1994 च्या कायद्याने भाऊ हा जवळचा नातेवाईक आहे. आमचा रक्तगटही एक. हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत होते. तरी चार महिने मी तो विषय काढला नाही. मापांवर टिपणे लिहीत बसलो. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका अधिक आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक, हे वाचले तेव्हा आमच्या घराचेच चित्र समोर आले. मेव्हण्यांना लागले असते तर आक्काला कुणी विचारलेही नसते, तिनेच दिले असते. शेवटी मी तपासणीला गेलो. माझी साखर वाढलेली निघाली आणि मला बाद केले. बाहेर येऊन जिन्यावर बसलो तेव्हा आधी सुटल्यासारखे वाटले, हे इथे लिहून ठेवतो. आक्काला फक्त निकाल सांगितला. ती म्हणाली, “मग तू आता साखरंची गोळी सोडू नगंस. माझ्यासारखं करू नगंस.” तिचे नाव आता मृत दात्याच्या प्रतीक्षायादीत आहे.

यंदा भाऊबीजेसाठी ती डायलिसिस आटोपून माझ्याकडेच उतरेल. चिवडा तिच्यासाठी वेगळा असतो: पातळ पोहे किंवा कुरमुरे, कढीपत्ता, मिरची, नावापुरते मीठ, शेंगदाणे, डाळे, खोबरे नाही. चकली नाही. गोड शंकरपाळे चालतात. बायको तिचे चिपटे फडताळातून काढून घासून ठेवते. आक्का ओवाळते, ताट खाली ठेवते आणि पहिले चिपटे हातात घेऊन बसते. ते संपायला अर्धा तास लागतो.